काचबिंदूची शस्त्रक्रिया आणि नंतरचे आठवडे

पोटाची असो वा हाडाची, शस्त्रक्रिया झाली की जखम लवकर भरून यावी असेच सगळ्यांना वाटते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेचे मात्र उलटे आहे. डोळ्यातले पाणी बाहेर पडावे म्हणून डॉक्टरांनी जी वाट केली, ती शरीराने पुरती बुजवली की शस्त्रक्रिया फसली.

डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निघून जातो. हा निचरा अडला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. या रीतीने गेलेली नजर परत येत नाही. औषधाचे थेंब आणि लेसर पुरेसे पडले नाहीत, तर द्रवाला नवी वाट करून द्यावी लागते.

ही कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशातला आहे. 1909 साली मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट यांनी बुबुळाच्या कडेला आरपार छिद्र पाडायची पद्धत सुरू केली. दाब उतरे, पण कित्येकदा नको तितका. 1968 मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी ट्रॅबेक्युलेक्टॉमीची पद्धत मांडली. तीत डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचा अर्ध्या जाडीचा पापुद्रा उचलायचा, खाली छिद्र करायचे आणि तोच पापुद्रा झाकणासारखा टाक्यांनी बसवायचा. पाणी झिरपत वरच्या पापणीआड साठते. त्या फुगीर जागेला ब्लेब म्हणतात.

आता प्रश्न उरला जखम भरण्याचा. त्यासाठी कर्करोगावरचे मायटोमायसिन हे औषध उपयोगी पडले. त्यात भिजवलेले स्पंजचे बारीक तुकडे डोळ्यावरच्या पातळ आवरणाखाली दोन-तीन मिनिटे ठेवतात आणि मग ती जागा भरपूर पाण्याने धुतात. वाट बुजण्याचे प्रमाण घटले, पण काही डोळ्यांत ब्लेब इतका पातळ झाला की तो गळू लागला आणि जंतुसंसर्गाची भीती वाढली. लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातील पेंग टी खॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच औषध छोट्या जागेऐवजी विस्तृत भागावर लावले. त्यामुळे ब्लेब पसरट होऊ लागला आणि गळतीही कमी झाली. ना नवे यंत्र, ना नवे औषध. नीट पाहून केलेला हा बदल फार मोलाचा आहे.

तरीही ज्यांच्या डोळ्यात ही वाट टिकत नाही, त्यांच्यासाठी बारीक नळी बसवतात. मदुराईच्या ऑरोलॅबने अशी नळी भारतात तयार केली. ती परदेशी नळ्यांच्या मानाने पुष्कळ स्वस्त असल्याने सामान्य रुग्णांच्या आवाक्यात आली.

पण शस्त्रक्रियागृहातून बाहेर आले म्हणजे काम संपले, असे नाही. खरी कसोटी पुढच्या आठवड्यांत असते. दाब उतरला नाही, तर डॉक्टर झाकणाचा एखादा टाका लेसरने तोडतात किंवा आधीच ठेवलेला सुटा टाका ओढून काढतात. हे वेळेवर व्हायला हवे. उशीर झाला की व्रण घट्ट होतो आणि मग टाका काढूनही फारसा उपयोग होत नाही. सूज उतरवणारे स्टेरॉइडचे थेंबही याच कामासाठी असतात. डोळा बरा दिसतो म्हणून ते परस्पर बंद करणे फार महागात पडते.

मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागते, तसे इथे होत नाही. म्हणून पुष्कळ रुग्ण निराश होऊन तपासणीला यायचे थांबतात. श्रोतेहो, आपल्या घरात कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांना प्रत्येक तपासणीला सोबत घेऊन जा. आणि वर्षांनंतरही तो डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकट पाणी येऊ लागले किंवा अंधुक दिसू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.