जत्रेतलं खाजं आणि गावात राहणारा पैसा

खाद्यमहोत्सव हा शब्द अलीकडचा. सिंधुदुर्गात ते काम जत्रा कधीपासून करतेय! मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्राच घ्या. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ सुरू होते आणि कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते.

जत्रेत खाज्याचे ढीग लागतात. बेसनाची जाड शेव, वर आलं घातलेल्या गुळाचा पाक. मात्र गूळ आणि डाळ बहुतेक घाटावरून येते. इथे राहते ती करणाऱ्याची मजुरी आणि विकणाऱ्याचा नफा. सोलकढीचं तसं नाही. नारळ परसातला, आणि कोकम तर भौगोलिक मानांकन मिळालेलं. ओल्या काजूगरांची उसळ विकली की बागायतदाराला थेट पैसे मिळतात.

सगळंच काही विकायचं नसतं, बरं का. आंगणेवाडीत देवीचा नैवेद्य माहेरवाशिणी आणि सुना मौन पाळून रांधतात, आणि तो प्रसाद म्हणून वाटला जातो.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. पर्यटनाला येणाऱ्या पाहुण्याला सुरमई, पापलेटच हवं असतं, त्यामुळे ताटं एकसारखी होत चालली आहेत. म्हणून मला वाटतं, एखादा महोत्सव जून-जुलैत भरवावा. तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते. मग पानात येईल टाकळ्याची भाजी, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा.