जुनी जिप्सी, नवी चाकं: होल जुळली म्हणजे बसलं का?

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पठ्ठ्यानं घरच्यांशी भांडून लष्कराच्या लिलावातली जुनी जिप्सी घेतलीय. आता चार रुंद अलॉय बघून ठेवलेत. दुकानदार म्हणतो, "दादा, पाच होल, पीसीडी सेम. डोळे झाकून घ्या." शनिवारी पैसे देणार आणि रविवारी मित्रांना घेऊन कासला जाणार, असा बेत. मी उलट मेसेज केला, थांब रे बाबा, आधी मधलं भोक मोज.

त्याच्यासारखे बरेच जण विचारतात, म्हणून आजचा भाग यावरच.

आधी पीसीडी उरकून टाकू. नटांची होलं ज्या गोलावर असतात, त्या गोलाचा व्यास म्हणजे पीसीडी. जिप्सीचा ५ × १३९.७. पाच नट, १३९.७ मिलिमीटरचा गोल. आकडा विचित्र वाटतो, पण तो सरळ साडेपाच इंच आहे. जुन्या विलीज जीपचाही हाच, म्हणून आपल्याकडच्या जुन्या महिंद्रा जीपमध्येही तो दिसतो. पाच होल असली की समोरासमोर होल येत नाही, त्यामुळे व्यास थेट मोजता येत नाही. मग शेजारच्या दोन होलांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि १.७ नं गुणा. जिप्सीला ते अंतर साधारण ८२ मिलिमीटर येतं. ७५ च्या आसपास आलं तर ते १२७ पीसीडीचं चाक, म्हणजे आताच्या रँग्लरचं. नावावर तर अजिबात जाऊ नका. पहिल्या ग्रँड विटाराची पीसीडी १३९.७ होती, २००५ नंतरच्या ग्रँड विटाराची ११४.३. नाव तेच, चाक वेगळं.

आता खरी गंमत. म्हणजे गंमत कसली, डोकेदुखी. चाकाच्या मध्यभागी जे मोठं भोक असतं ना, ते जिप्सीला १०८ मिलिमीटरचं लागतं. हे प्रचंड आहे. साध्या कारच्या अलॉयला ५५-६० असतं. पीसीडी जुळूनही हे भोक लहान असलेली चाकं बाजारात भरपूर सापडतात. अमेरिकेतल्या डॉज रॅम १५०० चंच बघा. २००२ नंतरच्या चाकांची पीसीडी आपलीच, पण मधलं भोक ७८ च्या आसपास. असं चाक हबवर ठेवलं की होलात स्टड दिसतात, पण चाक पूर्ण आत जात नाही. हबच्या कडेवर अडकून राहतं. आणि आपला उत्साही मेकॅनिक काय करतो? पान्याला पाइप लावतो आणि नट आवळतो! वरून बघितलं तर चाक बसलेलं दिसतं. खरं तर ते हबच्या सपाट तोंडाला टेकलेलंच नसतं. सगळा भार पाच स्टडांवर. घाटात उतरताना असा स्टड तुटला तर पुढचं मी सांगायला नको.

साताऱ्याच्या दादानं शुक्रवारी मोजलं. भोक शंभरच्या आत. दुकानदाराकडे उपाय तयार होता, स्पेसर टाकू. आता स्पेसर दोन जातींचे. एक, ज्याला स्वतःचे स्टड असतात, तो हबला वेगळा आवळायचा आणि चाक त्यावर. दुसरी नुसती भोकं पाडलेली चकती. ही चकती माझ्या गाडीत मी कधीच लावणार नाही, कारण चकतीच्या जाडीइतका स्टड कमी उरतो. जिप्सीचा स्टड १२ मिलिमीटरचा, आट्या १.२५ च्या. नट किमान स्टडच्या जाडीइतका चढायला हवा, म्हणजे बोटानं फिरवताना नऊ-दहा वेढे तरी मोजता आले पाहिजेत. पाच वेढ्यांत नट घट्ट झाला तर चाक उतरवा. जाड अलॉयला स्पेसरशिवायही हा त्रास होतो, तेव्हा हे मोजाच. नटाचं तोंड निमुळतं आणि अलॉयच्या होलाचा उतार तसाच आहे ना, तेही बघा.

"लेथवर नवी होलं पाडून देतो" म्हणणारेही भेटतील. त्यांना लांबून नमस्कार.

ऑफसेटला जरा वेळ देऊ, कारण इथं गाडीचं नुकसान हळूहळू होतं. चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारी पाठ, यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि तुम्ही सात इंची घेतली. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर वाढले, दोन्ही बाजूंना १९-१९. वर ऑफसेट २५ नं कमी असेल तर चाकाची बाहेरची कड ४४ मिलिमीटर बाहेर जाते. मागून फोटो झकास येतो, मान्य! पण तितकाच वाढीव बोजा बेअरिंगवर आणि पुढच्या किंगपिनवर येतो. जिप्सीत किंगपिनची बेअरिंग खिळखिळी झाली की विशिष्ट वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागतं, हे जुन्या मालकांना विचारा. टायर मडगार्डच्या बाहेर आला की चिखल काचेवर, आणि हवालदार समोर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबद्दल नियम आहे, अपघातानंतर विमावालाही तो शोधून काढतो.

टायरचं थोडक्यात. जिप्सी किंगचा २०५/७० आर १५ टायर ६६८ मिलिमीटर उंच. २३५/७५ आर १५ लावला तर ७३३. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी जवळपास ६६ नं चाललेली असते, आणि १.३ लिटरच्या इंजिनाला चढावर पहिला गिअर लवकर आठवतो.

मग घ्यायचं काय? माझं मत, आधी जिप्सीचीच चांगली लोखंडी रिम शोधा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकतो. अलॉयच हवा असेल तर नव्या जिम्नीची १५ इंची चाकं बघा, पीसीडी आणि मधलं भोक दोन्ही जिप्सीचंच. ऑफसेट मात्र स्वतः ताडून घ्या. विकत घेण्याआधी एकच चाक पुढच्या हबवर नट न लावता ठेवून बघा. पुढचा हब बाहेर डोकावतो, त्यामुळे बंद टोपीचा अलॉय तिथं अडतो. पाठ सगळीकडून टेकली पाहिजे, बोटाला फट लागता कामा नये. मग स्टीअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, लीफ स्प्रिंगला घासतंय का. नवीन चाकं लावल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे, विसरू नका.

दुकानदार चाक ठेवून बघू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

तुमच्या गाडीबद्दल विचारायचं असेल तर मेसेजमध्ये गाडीचं वर्ष, हबचा समोरून फोटो आणि मधल्या भोकाचं माप पाठवा. नुसतं "भावा, हे बसेल का" लिहून चाकाचा फोटो टाकलात तर मलाही सांगता येणार नाही.