खारीचं पिल्लू खाली पडलं तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या परसबागेत शेवग्यावरून खारीचं घरटं पडलं. दोन पिल्लं, डोळेही न उघडलेली. आम्ही मायेनं कापसाच्या वातीनं गाईचं दूध पाजलं. सकाळी एक गेलेलं. असं दूध त्यांना पचत नाही, नाकातोंडात जातं, हे नंतर कळलं.

दुसऱ्याला खोक्यात चिंध्या घालून, शेजारी फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवून, खोकं त्याच झाडाला बांधलं. मांजर कोंडलं आणि लांब बसलो. बचतीची बैठक राहिली ती राहिलीच! माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते म्हणतात; तसं नाही. तासाभरात खार आली, पिल्लू तोंडात धरून वर गेली.

पिल्लू जखमी असेल किंवा अंधार पडेपर्यंत आई आलीच नाही, तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.