चाकांवरच्या घराला नाक बसवताना
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला ‘अमेरिकेतले चार महिने’ असा विषय दिला होता. पण अमेरिकेचं वर्णन या सभागृहात दरवर्षी कोणी ना कोणी करतंच, आणि इथल्या निम्म्या खुर्च्यांवर बसलेल्यांची मुलं तिकडेच आहेत. म्हणून तिकडचे रस्ते किती रुंद आणि दऱ्या किती खोल, ते आज आम्ही सांगणार नाही. मुलाच्या जुन्या मोटरहोममध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून गॅस डिटेक्टर बसवला, त्याबद्दल बोलणार आहोत. हे ऐकून अध्यक्षांचा चेहरा जरा पडला होता. पण आमच्यापैकी एकाची सारी नोकरी बडोद्याच्या रासायनिक कारखान्यात गेली आणि दुसरीची शाळेत विज्ञान शिकवण्यात. आमच्याकडून प्रवासवर्णनाची अपेक्षा ठेवणं हे त्यांचंच धाडस.

मोटरहोम म्हणजे मिनीबसएवढी गाडी, आत अख्खं घर. झोपायच्या जागा, ओटा, मोरी, सगळं. मुलाने घेतलेली गाडी १९९४ सालची. तिच्यात युटामधल्या झायन आणि ब्राइस कॅन्यनला जायचं ठरलं होतं. ब्राइसची कड समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर आहे, मे महिन्यातही रात्री पाणी गोठतं. म्हणजे खिडक्या बंद करून, हीटर लावून आम्ही सहा माणसं आत झोपणार, त्यांत दोन नातवंडं.

या घरात गॅस किती ठिकाणी जातो ते पाहा. शेगडी आहेच. अंघोळीच्या पाण्याचा बंब गॅसवर. हीटर गॅसवर. आणि ऐकून नवल वाटेल, फ्रीजही गॅसवर. मागे छोटी ज्योत जळते आणि त्या उष्णतेवर अमोनियाचं चक्र फिरून आत बर्फ होतो. विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट मुलांना कधीच खरी वाटत नसे. हा सगळा गॅस येतो गाडीच्या खाली पक्क्या बसवलेल्या प्रोपेनच्या टाकीतून, धातूच्या नळ्यांमधून. आणि ते घर खड्ड्यांतून, वळणांवरून हजारो मैल हादरत चाललेलं. आपल्या घरातल्या गॅसच्या जोडांना असे धक्के रोज बसले तर काय होईल, याचा विचार करा.

आता प्रोपेनचा स्वभाव. तो हवेच्या सुमारे दीडपट जड. गळला की खाली उतरतो, फरशीवर पाण्यासारखा पसरतो, पलंगाखालच्या कप्प्यांत साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २.१ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. आम्ही कागदावर हिशोब केला. गाडीतली खोली सहा मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरली, तर सगळी हवा पेटण्याजोगी व्हायला एक किलोच्या आसपास प्रोपेन लागेल. पण तो खालीच साचतो ना! गुडघ्याएवढ्या उंचीचा थर पेटायला पाव किलो पुरे. फ्रीजची ज्योत कुठे असते? त्याच उंचीला.

मुलाचं म्हणणं होतं, गॅसला वास घातलेला असतोच, आपल्याला कळेल. वास खरा. मूळ गॅसला वास नसतो, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, त्या सडक्या कोबीसारख्या वासाचं. पण तो वास झोपलेल्या माणसाला उठवेलच असं नाही. जुन्या, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टाकीच्या आत गंज असेल तर तो हा वास खाऊन टाकतो. शिवाय वय झालं की नाक मंदावतं. आमच्यापैकी एकीला कोरोनानंतर हिंग आणि हळद वासावरून वेगळी ओळखता येत नाही, आणि ती खालच्या पलंगावर झोपणार होती. शेवटी सूनबाई म्हणाली, “डिटेक्टर चालू झाल्याशिवाय आई-बाबा आणि मुलं या गाडीत झोपणार नाहीत. हवं तर हॉटेल घेऊ.” विषय तिथेच संपला. तिचं म्हणणं योग्यच होतं, आणि हॉटेलचे दर पाहिल्यावर मुलालाही ते पटलं.

डिटेक्टर गाडीत होता. भिंतीत, फरशीच्या जवळ. पण दिवा विझलेला. काढून पाहिला तर मागच्या वायरी कापून टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. आधीच्या कुठल्यातरी मालकाने तो वाजतो म्हणून त्याचा गळा दाबला होता. असं का करतात, त्याचंही कारण आहे. आतल्या संवेदकाला सतत गरम राहावं लागतं, म्हणून तो दिवसरात्र थोडी वीज खात राहतो. एक दशांश अँपिअर धरा. गाडी महिनाभर अंगणात उभी राहिली की बॅटरी संपते, आणि बॅटरी उतरली की डिटेक्टर कुरकुरायला लागतो. माणूस वैतागतो आणि कात्री घेतो.

तो डिटेक्टर पुन्हा जोडून भागलं नसतं. संवेदकाला आयुष्य असतं. बहुतेकांचं पाच ते सात वर्षं, काही नव्यांचं दहा. उत्पादनाची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. आमच्या डिटेक्टरवरची तारीख गाडीच्याच वयाची होती. बटण दाबल्यावर तो कदाचित वाजलाही असता. पण बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, नाक शाबूत आहे की नाही हे सांगत नाही. म्हणून नवा आणला, मोटरहोमसाठी बनवलेला, बारा व्होल्टवर चालणारा, त्यांच्याकडच्या यूएल १४८४ मानकाचा. हा गॅस पेटण्याच्या पातळीच्या पाव हिश्श्याच्या आतच ओरडतो.

बसवायला सुरुवात करण्याआधी टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, खिडक्या-दारं उघडी. बाहेरच्या विजेची केबल काढली, कारण ती लावलेली असेल तर बॅटरी सोडवूनही तारांमध्ये बारा व्होल्ट येत राहतात. मग घराच्या बॅटरीची तार सोडवली. अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात, एक इंजिनाची आणि एक घराची. डिटेक्टर घराच्या बॅटरीवरच हवा.

आता वायरी. इथे जरा थांबून सांगतो. मोटरगाडीत काळी वायर म्हणजे ऋण, हे डोक्यात पक्कं असतं. पण अमेरिकेतल्या अनेक मोटरहोममध्ये घराच्या बारा व्होल्टच्या जोडणीत काळी वायर धन असते आणि पांढरी ऋण. नव्या डिटेक्टरची मात्र लाल धन आणि काळी ऋण. काळ्याला काळी जोडली की उलटं. म्हणून रंगावर भरवसा न ठेवता बॅटरी क्षणभर जोडून मल्टिमीटर लावला. काळी धनच निघाली. बॅटरी पुन्हा सोडवून मगच हात घातला.

दुसरी गंमत अशी की भिंतीत दोनाऐवजी चार वायरी होत्या. जुन्या काही गाड्यांत डिटेक्टर हा टाकीजवळच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हलाही जोडलेला असतो. गळती कळली की वीज तोडतो आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. कल्पना उत्तम. पण हा व्हॉल्व्ह वीज मिळाली तरच उघडा राहतो. साधा दोन वायरींचा डिटेक्टर बसवला तर गॅसच येणार नाही. मग आधीचा मालक गॅस कसा वापरत होता? गाडीखाली वाकून पाहिल्यावर उलगडा झाला. त्या व्हॉल्व्हला कोणीतरी थेट बॅटरीवरून वीज दिली होती. म्हणजे तो कायम उघडाच. तिथे आम्ही हात घातला नाही. परवाना असलेल्या गॅसच्या मेकॅनिकला बोलावलं, त्याने तो जुना व्हॉल्व्ह काढून नळी नीट जोडली, सगळ्या गॅसच्या लाइनची दाबाची तपासणी केली आणि फ्रीजमागचा एक ढिला जोड घट्ट केला. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे त्या जोडावर आम्ही सगळ्यांनी पाहिले. गळती बारीक होती, पण होती. त्या दिवसापर्यंत गाडीतल्या कोणालाही वास आला नव्हता.

बाकी काम तासाभराचं. वायरी पिळून चिकटपट्टी लावण्याऐवजी दाबून बसवायचे जोड वापरले, कारण हादऱ्यांनी पिळलेली जोडणी सुटते. पुस्तिकेत सांगितलेला छोटा फ्यूज धन वायरीत घातला. घराची वीज तोडणाऱ्या खटक्याच्या अलीकडून, म्हणजे बॅटरीच्या बाजूने वीज घेतली, म्हणजे दिवे बंद करताना कोणी डिटेक्टर चुकून झोपवणार नाही. उंचीबद्दल बहुतेक उत्पादक जमिनीपासून चार ते वीस इंच सांगतात. दाराच्या झोतात नको, कपाटात नको, पलंगाच्या चादरीआड नको. जुनं भोक नव्या डब्यापेक्षा मोठं होतं, ते एका फळीने बुजवलं. त्या फळीला रंग कोणता द्यायचा यावर नातवंडांत गॅसपेक्षा मोठा स्फोट झाला.

चालू केल्यावर संवेदक गरम व्हायला काही मिनिटं जातात, मग दिवा हिरवा होतो. आम्ही भिंतीवर मराठीत एक चिठ्ठी लावली. सलग जोराचा आवाज आला की आधी बाहेर. दिवे, पंखा, फोन कशालाही हात लावायचा नाही. टाकीचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद करायचा. बाहेर सगळी माणसं मोजायची. थांबून थांबून बारीक चिवचिव आली तर बॅटरी पाहायची किंवा डिटेक्टरचं वय संपलं असं समजायचं. चिठ्ठी इंग्रजीत का नाही, असं नातवाने विचारलं. पहाटे तीन वाजता आजीला जी भाषा सुचते, त्या भाषेत.

ब्राइसला दुसऱ्याच रात्री तो खरोखर वाजला. चिठ्ठीप्रमाणे सहाही जण गोधड्यांसकट बाहेर, थंडीत कुडकुडत. व्हॉल्व्ह बंद केला, दारं उघडी ठेवली, वीस मिनिटं थांबलो. कारण निघालं केसांवर मारायचा फवारा. नातीने झोपण्याआधी बाटली डिटेक्टरच्या शेजारी ठेवली होती आणि ती कलंडून गळत होती. अशा फवाऱ्यांत प्रोपेन-ब्युटेनच भरलेला असतो, तेव्हा डिटेक्टर खोटं बोललाच नाही. नातीला कोणी रागावलं नाही. मुलगा फक्त म्हणाला, “चला, नाक चालतंय.”

आता बडोद्याकडे वळतो, कारण परत आल्यापासून तिघांनी आम्हाला विचारलं, की मुलाकडून तसला डिटेक्टर मागवू का. मागवू नका. तो बारा व्होल्टचा, गाडीतल्या प्रोपेनसाठीचा. आपल्याकडे आधी हे पाहा की तुमच्या घरात गॅस कोणता आहे. सिलिंडरमधला गॅस प्रोपेन-ब्युटेनचा, हवेपेक्षा जड. त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तो वर चढतो. त्याचा डिटेक्टर छताखाली, फूटभराच्या आत. दांडिया बाजारातल्या आमच्या एका नातेवाइकांकडे पाइप आल्यावरही सिलिंडरचा जुना डिटेक्टर ओट्याखालीच होता. तिथे बसून तो काय हुंगणार? दोन्ही गॅस वापरत असाल तर दोन लागतील, आणि घेताना तो कुठल्या गॅससाठी आहे ते खोक्यावर वाचून घ्या. मागची तारीखही पाहा. सिलिंडरची गळती झाली तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो अंगणात किंवा जिन्यात जाऊन लावायचा, स्वयंपाकघरात उभं राहून नव्हे.

राहिलं आपल्या मंडळाचं स्वयंपाकघर. महाप्रसादाच्या दिवशी तिथे एकोणीस किलोचे सिलिंडर ओळीने उभे असतात, खोली तळमजल्यावर आहे आणि मागची खिडकी मखराच्या सामानाने बंद झालेली आहे. खजिनदारांनी डिटेक्टरला मंजुरी दिली आहे. आम्ही काल जाऊन जागा पाहिली. शेगड्यांच्या समोरची भिंत, जमिनीपासून वीतभर वर. तिथे सध्या पत्रावळ्यांचे गठ्ठे रचलेले आहेत, आणि खिडकीही मोकळी करायची आहे. आरतीनंतर चार तरुण हात हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी कृपया थांबावं.