चेष्टा, इथली आणि तिथली

कोलकात्याचा मित्र फोनवर ‘चेष्टा कोरछि’ म्हणाला, तर रागावू नका. तो तुमची थट्टा करत नाहीये. ‘प्रयत्न करतोय’ एवढंच सांगतोय. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हिंदीतही बहुधा तेच. आपल्याकडे मात्र चेष्टा म्हटली की कुणाची तरी टिंगल आलीच! मूळ संस्कृत ‘चेष्ट्’ धातूचा अर्थ हालचाल करणं, धडपडणं. त्यातली धडपड बंगालीनं उचलली, मराठीनं हालचाल उचलून तिचं वेडावणं केलं. निवड आपल्या स्वभावाला शोभेशीच म्हणायची! पण जुना अर्थ मराठीतूनही पुसलेला नाही. बेशुद्ध पडलेल्या, काहीच हालचाल न करणाऱ्या माणसाला आपण आजही ‘निश्चेष्ट’ म्हणतो.