मोत्याचें ताट आणि धन्याची मिळकत

संत नामदेवांविषयींची एक आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां नामदेव काठी न घेतां तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागें धांवले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखालीं कशी उतरेल, एवढीच त्यांना चिंता ! ही कथा ऐकणारे भक्तिभावानें गहिंवरतात. पण घर चालविणाऱ्या गृहिणीच्या मनांत दुसराच प्रश्न येतो. भाकरी एक वेळ निघेल. रोजचें तूप कोठून आणावें? कुत्रा पाळणाऱ्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबापुढें हाच प्रश्न आज निराळ्या रूपानें उभा आहे.

पुण्याच्या एखाद्या पेठेंतील दोन खोल्यांचें घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडील छापखान्यांत नोकरीला, आई घरीं शिवणकाम करणारी, वृद्ध आजी आणि शाळेंत जाणारा मुलगा. मुलाच्या हट्टासाठीं लॅब्रॅडॉर जातीचें पिलूं घरीं आलें. त्याचें नांव मोत्या. पहिले कांहीं आठवडे त्याला वाटीभर खाणें पुरे. दीड वर्षांत त्याचें वजन तीस किलोंवर गेलें. त्याच सुमारास छापखान्याचें काम मंदावलें आणि जादा वेळेचे पैसे बंद झाले. एके रात्रीं आई हिशेबाची वही पुढें घेऊन बसली.

“अहो, मोत्याच्या पिशवीचे पैसे ह्या महिन्यांत कोठून काढायचे ?”

वडील बराच वेळ बोलले नाहींत. शेवटीं म्हणाले, “गांवाबाहेर नेऊन सोडूं. तेथें कोणी ना कोणी घालील त्याला.”

आजी अंथरुणावरूनच म्हणाली, “अरे, दारांतल्या जिवाला वाऱ्यावर सोडूं नये. आपण खातों त्यांतला घांस त्यालाहि घालूं.”

आजीच्या बोलण्याला कायद्याचाहि आधार आहे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा अधिनियम ह्या देशांत लागू आहे. त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें पाळलेल्या जनावराला पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें हा धन्याचा अपराध ठरतो. सबळ कारणावांचून त्याला सोडून देणें हाहि अपराधच होय. म्हणजे मोत्याला सोडण्याची वाट बंद. पण आजीची वाट तरी निर्धोक आहे काय ? घरच्या ताटांतला घांस कुत्र्याला सोसतो काय, आणि सोसत असल्यास कोणता ? ह्याचा विचार केल्याशिवाय दया पुरी पडत नाहीं.

प्रथम अन्न किती लागतें तें पाहावें. पशुवैद्यांच्या हिशेबाप्रमाणें घरांत राहणाऱ्या, खच्ची केलेल्या, १५ किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारें ८५० उष्मांक लागतात. ३० किलो वजनाच्या कुत्र्याला सुमारें १,४३०. वजन दुप्पट झालें कीं भूक जवळजवळ पावणेदोनपट होते. शंभर ग्रॅमला ३५० उष्मांक देणारें कोरडें अन्न घेतल्यास पहिल्याला महिन्याला सव्वासात किलो पुरेल, तर दुसऱ्याला सव्वाबारा किलो लागेल. हा त्रैराशिकाचा हिशेब पिलूं घरीं आणण्यापूर्वीं करावयाचा असतो. पिलाचें रूप पाहून मन विरघळतें. तें मोठें झाल्यावर किती खाईल हें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं. बेताच्या मिळकतीच्या घरानें मध्यम अंगाचा देशी कुत्रा पाळला, तर त्याच प्रेमाला पुष्कळ कमी खर्च येतो.

ज्याच्या घरीं मोठा कुत्रा आधींच आहे, त्यालाहि ह्या हिशेबाचा उपयोग आहे. घरोघरच्या कुत्र्यांना बहुधा गरजेपेक्षां अधिक खाऊं घातलें जातें. धनी जेवावयास बसला कीं एक तुकडा, चहाच्या वेळीं एक बिस्किट, पाहुणा आला कीं आणखी एक. हे घांस वहींत मांडले जात नाहींत, पण अंगावर चढतात. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर एक प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षां एक चतुर्थांश कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचें मध्यम आयुष्य १३ वर्षें भरलें. इतरांचें ११·२ वर्षें. त्यांचीं सांधेदुखीसारखीं दुखणींहि उशिरां सुरू झालीं. ह्याचा अर्थ कुत्र्याला उपाशी ठेवावें असा नव्हे. हात लावला असतां बरगड्या सहज लागाव्यात, पण दुरून उघड्या दिसूं नयेत, इतपत अंग असावें. एवढें पथ्य पाळल्यास अन्नाचा खर्च घटतो आणि सोबत्याचें आयुष्य वाढतें.

आतां अन्न कोणतें, हा प्रश्न. कुत्रा लांडग्याच्या वंशांतला म्हणून त्याला केवळ मांसच हवें, असा एक समज आहे. स्वीडनमधील उप्साला येथील शास्त्रज्ञांनीं २०१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें तो ढिला केला. पिष्ट पचविणारा पाचकरस तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षां कुत्र्यांत पुष्कळ अधिक असतात, असें त्यांस आढळलें. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या प्राण्याचें आंतडेंहि माणसाच्या घराला सरावलें. म्हणून शिजविलेला भात किंवा ज्वारीची भाकरी कुत्र्याला पचते. पण पचणें निराळें आणि पुरणें निराळें. कुत्र्याला प्रथिनें हवींत, स्निग्ध हवें, चुना आणि इतर क्षार हवेत, जीवनसत्त्वें हवींत. नुसत्या दूध-पोळीनें त्याचें पोट भरतें, अंग भरत नाहीं. शिवाय कित्येक प्रौढ कुत्र्यांना दूध बाधतें. त्यांना दही अधिक मानवतें.

बाजारी अन्नाची कथाहि ऐकण्यासारखी आहे. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें लंडनमध्यें कुत्र्यांसाठीं खास बिस्किटें विकावयास काढलीं. पुढें डबाबंद मांस आलें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेमध्यें कथलाचा पत्रा दुर्मिळ झाला, तेव्हां कोरड्या अन्नाची चलती झाली. १९५७ सालीं धान्य, मांसाचें पीठ व चरबी ह्यांचें मिश्रण उष्णतेनें आणि दाबानें साच्यांतून काढून फुलविण्याची रीत तेथें बाजारांत रुळूं लागली. आज पिशवींतून येणारे दाणे मुख्यतः त्याच रीतीचे आहेत.

अशी पिशवी घेतांना चित्र न पाहतां मागील बारीक अक्षरें वाचावीं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें असते. तें अन्न संपूर्ण व समतोल आहे कीं केवळ पूरक आहे, हें तेथें पाहावें. पूरक अन्न रोजचें जेवण होऊं शकत नाहीं. प्रौढ कुत्र्याच्या अन्नांत, पाणी वगळून, प्रथिनांचें प्रमाण शेंकडा १८ पेक्षां कमी नसावें. वाढत्या पिलाला तें शेंकडा साडेबावीस तरी लागतें. भावाची तुलना करतांनाहि पाणी वगळावें. डब्यांतील ओल्या अन्नांत शेंकडा ८० पर्यंत पाणी असतें, कोरड्यांत शेंकडा १० च्या आसपास. म्हणजे चारशें ग्रॅमच्या डब्यांत खरें अन्न ऐंशी ग्रॅम, आणि किलोभर दाण्यांत नऊशें ग्रॅम. एक किलो दाण्यांची बरोबरी करण्यास असे सव्वाअकरा डबे लागतील. डबा स्वस्त वाटतो, पण गिऱ्हाईक बव्हंशीं पाणीच विकत घेत असतें. उलट, महागडी पिशवी नेहमींच चांगली असते असेंहि नाहीं. मध्यम भावाचें, संपूर्ण व समतोल म्हणून विकलें जाणारें अन्न निरोगी प्रौढ कुत्र्याला बहुधा पुरेसें होतें.

घरीं शिजवावयाचें झाल्यास पंधरा किलोंच्या प्रौढ कुत्र्यासाठीं दिवसाचा ढोबळ आराखडा असा : तांदूळ किंवा ज्वारीचें पीठ कच्चें १३० ग्रॅम, कोंबडीचें हाडें काढलेलें मांस दीडशें ग्रॅम, एक उकडलेलें अंडें, शंभर ग्रॅम तांबडा भोपळा किंवा गाजर, आणि चहाचे दोन चमचे तेल. आठवड्यांतून एखादे वेळीं मांसाच्या जागीं थोडी कलेजी घालावी. ती स्वस्त आणि पौष्टिक असते, पण रोज घातल्यास तींतील अ जीवनसत्त्व बाधतें. कोंकणांत मांसाऐवजीं कांटे काढलेली उकडलेली मासळी चालते. मांस न शिजविणाऱ्या घरीं अंडीं, दही, पनीर, डाळ व सोयाबीन ह्यांवर भागवितां येतें. मात्र तेथें अधिक दक्षता हवी. मांसांत चुना अगदीं थोडा असतो. तो भरून काढण्यास अंड्याचीं टरफलें उकळून, वाळवून, त्यांची वस्त्रगाळ पूड करावी आणि चहाचा अर्धा चमचा रोज अन्नांत मिसळावी. फेंकून द्यावयाच्या वस्तूंतून असा औषधाचा खर्च वांचतो.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. कॅलिफोर्नियांतील पशुवैद्यांनीं घरगुती अन्नाच्या २०० कृती तपासून २०१३ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांतील शेंकडा ९५ कृतींत एक तरी आवश्यक घटक कमी होता. जस्त, आयोडीन, ड आणि ई हीं जीवनसत्त्वें स्वयंपाकघरांत सहज पुरीं पडत नाहींत. म्हणून वरील आराखडा एकदां पशुवैद्यास दाखवावा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणें क्षार व जीवनसत्त्वांचें मिश्रण घालावें. पिलूं, गाभण कुत्री आणि आजारी जनावर ह्यांच्यासाठीं तर हें विचारल्याशिवाय करूंच नये.

आजीच्या घांसाविषयींचा धोका असा कीं, मराठी स्वयंपाकांत कांदा आणि लसूण पदोपदीं असतात. हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजविल्यानें त्यांचें विष जात नाहीं. फोडणीची आमटी, रस्सा, पिठलें हीं म्हणूनच वर्ज्य. द्राक्षें व मनुका मूत्रपिंडांना घातक ठरतात. चॉकलेट हृदयाला आणि मज्जातंतूंना बाधतें. शिजविलेलें हाड चावतांना त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात व त्या आंतड्यांत रुततात. एका घांसानें वांचविलेले पैसे पशुवैद्याच्या दारीं दसपटीनें मोजावे लागतात.

पुन्हां त्या दोन खोल्यांच्या घरांत डोकवावें. मोत्याला घराबाहेर जावें लागण्याचें कारण आतां उरत नाहीं. महागडी पिशवी जाऊन मध्यम भावाची येते. तिचे दाणे अंदाजानें न ओततां वाटीनें मोजून, दोन वेळां घातले जातात. बिस्किटें बंद होतात. त्यांच्या जागीं मुलगा गाजराचा तुकडा देतो. आजीचा घांसहि राहतो. फक्त तो फोडणीपूर्वीं काढलेला, बिनकांद्याचा, भाताचा असतो, आणि तेवढे दाणे वाटींतून कमी होतात. आई वहींत किराण्याखालीं “मोत्या” असा निराळा रकाना पाडते. रक्कम लहान असेल, पण ती आधीं बाजूला काढलेली असते.

कुत्रा भाव जाणत नाहीं. ताटांत काय पडलें त्याबद्दल तो तक्रारहि करीत नाहीं. धन्याची मिळकत घटली हें त्याला कळत नाहीं आणि दुसऱ्या दारीं जाऊन तो नोकरी मागूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें हिशेब करणारा घरांत दुसरा कोणी नसतो. म्हणून तो हिशेब धन्यानेंच करावयाचा, आणि शक्य तर पिलूं उंबऱ्याच्या आंत येण्यापूर्वींच करावयाचा.