ताब्याच्या तारखेची किंमत



गुंतवणूक सल्लागारांच्या या अधिवेशनात मला एकाच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. बांधकाम चालू असलेला फ्लॅट तयार फ्लॅटपेक्षा स्वस्त मिळतो, ती सवलत नेमकी कशाबद्दल असते? ग्राहक तिला नफा समजतो, आणि आपणही पुष्कळदा त्याला तसे समजू देतो. माझ्या मते तो जोखीम पत्करण्याचा मोबदला आहे, आणि तो पुरेसा आहे की नाही हे ताबा कधी मिळतो यावर ठरते.

हिशेब मांडून पाहू. एकाच वस्तीत तयार फ्लॅट १ कोटीला आणि तसाच बांधकाम चालू असलेला ८० लाखांना मिळतो असे धरा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असताना घेतलेल्यावर, परवडणाऱ्या घरांचा वर्ग सोडला तर, ५ टक्के लागतो. ४ लाख तिथे गेले, सवलत १६ लाखांवर आली. तयार घर लगेच भाडे देऊ लागते. ते किमतीच्या ३ टक्के धरले तर वर्षाला ३ लाख. ताबा ३ वर्षांत मिळाला तर ९ लाखांचे भाडे बुडून ७ लाख पदरात पडतात. ७ वर्षे लागली तर २१ लाख बुडतात, म्हणजे सवलत पुरती संपून वर ५ लाखांचा तोटा. भाववाढीचा आधार इथे घेता येत नाही, कारण भाव चढला तर दोन्ही घरांचा चढतो.

यावर रास्त आक्षेप असा की बांधकाम चालू असलेल्या घराचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात, त्यामुळे व्याज वाचते. वाचते हे खरे. पण महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यातले टप्पे पाहा: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, आणि सगळे स्लॅब पडेपर्यंत ७०. त्यानंतरही भिंती, लिफ्ट, पाण्याची जोडणी आणि भोगवटा प्रमाणपत्र बाकी असते. काम इथे अडले तर ग्राहकाचे बहुतेक पैसे गुंतलेले असतात, कर्जाचा हप्ता चालू असतो आणि राहत्या घराचे भाडेही चुकत नाही.

दुसरा आक्षेप रेराचा. २०१६ च्या या कायद्याने मोठे काम केले आहे, आणि ते मी मनापासून मानतो. ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाहीत, ताबा लांबला तर व्याजासह परतावा मागता येतो. तरीही परताव्याचा आदेश मिळणे आणि पैसे मिळणे यांत अंतर आहे. विकासकाने रक्कम भरली नाही तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी करावी लागते, आणि विकासकाची मालमत्ता आधीच गहाण असेल तर त्या वसुलीतून हाती काय लागणार? कायद्याने जोखीम कमी केली. उरलेली मोजायचे काम आपले आहे.

भाव चढतच राहणार या भरवशामागचे ‘जमीन काही वाढत नाही’ हे वाक्य तर प्रत्येक घरात ऐकू येते. शहरात आपण जमीन विकत घेत नाही, चटईक्षेत्र घेतो, आणि ते वाढते. मुंबईची २०३४ पर्यंतची विकास नियंत्रण नियमावली आणि उर्वरित राज्यातील बहुतेक भागांना लागू असलेली २०२० ची एकात्मिक नियमावली यांत टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वापरून आणि प्रीमियम भरून जादा बांधकाम करण्याची सोय आहे. आज समोर दिसणारा मोकळा भूखंड उद्या आपल्याच फ्लॅटचा प्रतिस्पर्धी होऊ शकतो.

स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्याचे गणित वेगळे असते; मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांची सोय यांना टक्केवारी लावता येत नाही. पण दुसरा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेणारा आपल्याकडे आला, तर लेखी सल्ल्यात तीन आकडे असावेत अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे: ताबा ३, ५ आणि ७ वर्षांनी मिळाला तर हाती काय उरेल. प्रकल्पाची प्रस्तावित पूर्णता तारीख महारेराच्या नोंदीत असते. ती आधी कितीदा पुढे ढकलली गेली, हे पाहूनच यातला कोणता आकडा ठळक करायचा ते ठरवा.